आग्रहाचा ग्लास

माझ्या धाकट्या भावाने अमेरिकेत बिअरचा कारखाना काढला, हे मी कोल्हापूरच्या नातेवाइकांना अजून धड सांगितलेलं नाही. "संग्राम काय करतो गं?" असं कुणी विचारलं की मी म्हणते, "फूड प्रोसेसिंग." ते म्हणतात, "म्हणजे लोणची-पापड?" मी म्हणते, "तसंच काहीतरी." आता मी पन्नाशी ओलांडलेली बाई. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यू शहरात, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प बसवते, आणि काकांच्या फोनवर माझी अशी बोबडी वळते. लाज वाटते म्हणून नव्हे हो. समजावून सांगायचा कंटाळा येतो.

पण मला सांगायचंय ते संग्रामबद्दल नाही. त्याच्या सासूबाईंबद्दल, सरलामावशींबद्दल सांगायचंय. त्यासाठी आधी कारखान्याचं सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

संग्राम, त्याची बायको आसावरी आणि त्यांची मुलगी केया माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचे. तो माझ्यासारखाच कोडिंगवाला. आसावरी नागपूरची, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, इथे एका डेअरीच्या लॅबमध्ये होती. कोविडमध्ये सगळे केळ्याचा केक करत होते तेव्हा ही बाई गॅरेजमध्ये बिअर आंबवायला लागली. पहिल्या दोन खेपा मी सिंकमध्ये ओतल्या, तिच्या देखत. तिसरी मात्र मी पूर्ण प्यायले आणि काही बोलले नाही. माझ्याकडून ही फार मोठी दाद असते, हे आसावरीला माहीत आहे.

मग एके दिवशी दोघं म्हणाले, "ताई, आम्ही बेलव्ह्यू सोडतोय." डोंगर ओलांडून अडीच तासांवर, याकिमा शहराच्या पलीकडे, बाराशे वस्तीचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, लोक शोधत जातात. तिथे सफरचंदं पॅक करायची जुनी शेड आणि तिच्यामागे एक घर विकाऊ होतं. चहूकडे हॉप्सचे मळे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. त्यांच्या वेली दोन मजले उंच दोऱ्यांवर चढवतात. मी भडकलेच. "वेड लागलंय का तुम्हाला? केयाची शाळा? कोथिंबीर कुठून आणणार?" आसावरी म्हणाली, "लावीन." बस्स. तिच्याशी भांडायला मजाच येत नाही.

लावली तिने. केयाने पहिलं वर्ष शाळेत एकटीने डबा खाल्ला आणि दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एका मुलीबरोबर शेळ्या पाळायला घेतल्या. आता ती चौदा वर्षांची आहे आणि माझ्याशी फोनवर फक्त शेळ्यांबद्दल बोलते, तेही इंग्लिशमध्ये.

शेडमध्ये मागे टाक्या आणि पुढे टॅपरूम, म्हणजे बसून प्यायची खोली. सहा टेबलं आणि एक लांब लाकडी काउंटर. आसावरी टाक्या सांभाळायची. टाकीला कान लावून उभी राहायची आणि म्हणायची, "उद्यापर्यंत होईल." पुढचं सगळं संग्रामकडे. गावातले लोक आधी नुसते डोकवायला आले. मग रोज यायला लागले. ते आसावरीच्या बिअरमुळे आले असं मी म्हणेन, पण ते थांबले संग्राममुळे.

कारण संग्राम आग्रह करायचा.

आमच्या कोल्हापुरात पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून रस्सा ओततात. पाहुणा "पुरे" म्हणतो, ते आम्ही ऐकलेलंच नसतं. संग्राम तसाच वाढलेला. ग्लास अर्धा झाला की हा वरून भरणार. "अरे, हे काय, एवढंसं? हॅव सम मोअर! फॉर मी!" बशीत शेंगदाणे, आसावरीने केलेला चिवडा. गावकऱ्यांना कुणी जन्मात असा आग्रह केलेला नव्हता. ते हरखून गेले. एकाने ऑनलाइन रिव्ह्यू लिहिला: इथे तुमचा ग्लास कधी रिकामा राहत नाही. संग्रामने तो फ्रेम करून लावला. मीही त्याखाली उभी राहून फोटो काढला, हे कबूल करते.

आता सरलामावशी.

मावशी नागपुरात एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं ऑफिसात क्लार्क होत्या. सडपातळ, सुती साडी, मोजून बोलणं. त्यांचे यजमान चंद्रशेखरकाका वीज मंडळात होते, आणि प्यायचे. थोडी नव्हे. लग्नाची बत्तीस वर्षं प्यायले आणि त्यातच गेले. माणूस दिलदार, गायचे सुरेख. मी आसावरीच्या लग्नात ऐकलंय. लोकांना काका फार आवडायचे. लोकांनी घरी परतलेले काका पाहिले नव्हते.

मुलगी बिअर करते हे कळल्यावर मावशी फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "तू दारू गाळून राहिली, आसू?" आसावरी म्हणाली, "गाळत नाही आई, आंबवते." त्यावर मावशींनी फोन ठेवला. पुढे चार वर्षं दर रविवारी मायलेकी बोलल्या, पण हवापाणी, केया आणि शेळ्या. धंद्याचा शब्द नाही.

मग गेल्या वर्षी मावशी घरात पडल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन दिवसांनी दूधवाल्याला शंका आली, त्याने शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं. आसावरी इथली सिटिझन, तिने आईच्या ग्रीन कार्डाचे कागद आधीच केलेले होते. यंदा एप्रिलमध्ये मावशी आल्या.

पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "मी स्पष्ट बोलते. दसऱ्यापर्यंत राहून बघते. नाही जमलं तर परत. त्या शेडच्या दारात मी पाय ठेवणार नाही. संग्रामराव, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

संग्राम "छे छे" म्हणाला आणि सवयीने त्यांना आणखी भात वाढला.

त्या आठवड्यात आसावरीचा मला फोन आला. ती सहसा रडणारी नाही. "वीणाताई, ती परत गेली तर कायमची जाईल. त्या तिसऱ्या मजल्यावर. पुन्हा पडली तर? तिला माझी बिअर आवडायला नको गं. मला फक्त आई पाहिजे."

मी म्हटलं, "आवडेल हळूहळू."

घराच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी टॅपरूमच्या पार्किंगवर उघडते. मावशी तिथे भाजी चिरत उभ्या राहायच्या. आत पाय नाही, पण नजर सगळीकडे. महिन्याभरात त्यांना गावातला प्रत्येक पिकअप ट्रक माहीत झाला. कोण कधी येतो, कोण कसा परततो. संध्याकाळी साडीवर बूट घालून कालव्याच्या रस्त्याने फिरायला जायच्या. तिथे त्यांची रूथशी ओळख झाली.

रूथ म्हणजे डेलची बायको. डेल आमचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक. सत्तरीचा, सफरचंदाची बाग मुलाच्या ताब्यात दिलेली, गोष्टी सांगण्यात पटाईत. तो नसला की टॅपरूम सुनी वाटायची. मावशी आणि रूथ पोस्टाच्या पेटीपाशी भेटायच्या आणि रूथच्या पायरीवर बसायच्या. कोणत्या भाषेत बोलायच्या, मला विचारू नका. मावशींना इंग्लिश वाचता यायचं झकास, ऑफिसची सगळी पत्रं त्याच लिहायच्या. बोलताना मात्र एकेक शब्द ठेवत जायच्या. रूथने त्यांना काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनी दिल्या, मावशींनी त्यांची थालीपिठं करून दिली. एकदा मावशी मला म्हणाल्या, "ती बाई साडेसहा वाजले की घड्याळ बघते, वीणा. बोलताबोलता बघते. मला कळतं ते बघणं."

मी ऐकलं आणि विसरले. विसरायला नको होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी तिकडे होते. हॉप्सची तोडणी सुरू झाली होती, वेलींनी भरलेले ट्रक रस्त्यावर पाला सांडत जात होते आणि सगळ्या गावाला त्या हिरव्या, कडवट फुलांचा वास येत होता. टॅपरूम गच्च. संध्याकाळचे सात, बाहेर लख्ख ऊन. डेल उठायला लागला. ग्लासावर तळवा ठेवून म्हणाला, "आय अॅम गुड, सॅम." संग्रामला तिथे सगळे सॅम म्हणतात.

संग्राम म्हणाला, "नो नो, डेल! हाफ! माय सिस्टर इज हिअर!"

डेलने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शहाणी, दोन टीम्स सांभाळणारी, हसत म्हटलं, "कम ऑन डेल, फॉर मी!"

त्याने हात काढला. संग्रामने ग्लास भरला, अर्धा नव्हे, काठोकाठ. डेल तो प्यायला, मला टोपी काढून नमस्कार केला आणि गेला.

वीस मिनिटांनी दार उघडलं आणि सरलामावशी आत आल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा. बूट चिखलाने भरलेले, साडी गुडघ्यापर्यंत ओली. मला वाटलं, कालव्यात पडल्या. आसावरी मागून धावत आली, "आई, काय झालं? लागलं का?"

"मला काही नाही झालं. तुमचा डेल ट्रक घेऊन कालव्यात गेला. माझ्या समोर. मी रस्त्याच्या कडेला होते म्हणून ठीक." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पाण्यात उतरून बघितलं मी. जिवंत आहे. हसून राहिला. तिथला शेजारी ट्रॅक्टर आणायला गेलाय."

संग्राम पळाला. त्याच्यामागे चारपाच जण पळाले. ट्रकचं पुढचं चाक पाण्यात होतं, डेलच्या कपाळावर खोक. ट्रॅक्टरने ट्रक ओढून काढला, रूथ येऊन त्याला घेऊन गेली. पोलिसांना कुणी कळवलं नाही. हे बरोबर नव्हतं, मला तेव्हाही कळत होतं आणि मीही गप्पच राहिले.

परत आलो तेव्हा मावशी काउंटरपाशी उभ्याच होत्या. उरलेली माणसं मुकाट उठून गेली. मावशींनी विचारलं, "शेवटचा ग्लास कोणी दिला?"

"मी," संग्राम म्हणाला.

"त्याने मागितला होता?"

संग्राम खाली बघायला लागला. "नाही. तो नको म्हणत होता. मी आग्रह केला."

"मीपण," मी म्हटलं.

मला वाटलं, आता मावशी आम्हाला झोडपतील. झोडपलं असतं तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या, आणि आसावरीकडे बघून बोलायला लागल्या.

"तुझ्या बाबांचे मित्र यायचे ना रविवारी. तुला वाटायचं, आई रागावते. रागावायचीच. पण मला वाटलं, बाहेर कुठं पडून राहण्यापेक्षा घरी बसून पिऊ दे. म्हणून मी भजी तळायची. गरम गरम. 'घ्या हो भाऊजी, अजून दोन घ्या,' म्हणायची. त्यांना वाटायचं, वहिनी किती चांगल्या. ते भज्यांवर अजून एक एक प्यायचे. मग स्कूटर काढून घरी जायचे. त्यांच्या बायका तिकडे वाट बघत असायच्या. मला माहीत होतं कशी बघत असतील. तरी मी तळत होते. तुझ्या बाबांना कोणीच पुरे म्हटलं नाही, आसू. मीसुद्धा नाही. मी भांडले, रडले, देवाला नवस केले. पण त्यांच्या पुढचा ग्लास कधी उचलला नाही. आग्रह जेवणाचा असतो गं. याचा नसतो."

आसावरीने तोंडावर हात धरला होता. संग्राम तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. एवढा धिप्पाड माणूस. मला त्याचा राग येत होता आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. मी टेबलं पुसत बसले.

रविवारी मी परतले. मंगळवारी आसावरीचा फोन. टॅपरूम तीन दिवस बंदच होती. "ताई, मी आईला सांगितलं. बंद करते म्हटलं. टाक्या विकून टाकते, परत लॅबमध्ये नोकरी बघते. तू जाऊ नकोस म्हटलं."

"मग?"

"म्हणाली, 'बंद करून काय होईल? तो डेल पुढच्या गावात जाऊन पिईल. तिथं त्याला कोण ओळखतं? तिथून रूथच्या घरचा रस्ता अजून लांब.' आणि केयाला घेऊन खोलीत गेली. दार लावून दोघी लॅपटॉपवर काहीतरी करतायत."

त्या काय करत होत्या ते केयाने मला नंतर सांगितलं. इथे काउंटरमागे उभं राहून ग्लास भरणाऱ्याला राज्याचं परमिट लागतं. आधी तासनतास चालणारा कोर्स बघायचा, मग परीक्षा. मावशींनी नातीला विचारलं होतं, "डेलला नाही म्हणायचा अधिकार कोणाला असतो?" केया म्हणाली, "द सर्व्हर," म्हणजे ग्लास भरून देणारा. मावशी म्हणाल्या, "मग मला ते व्हायचंय."

दोन दिवस मावशी चष्मा लावून, वही घेऊन बसल्या. बोलणारा भरभर बोलायचा म्हणून केया मध्येमध्ये थांबवायची. माणसाला जास्त झालीय हे कसं ओळखायचं, यावर एक पूर्ण धडा होता. डोळे लाल, जीभ जड, आवाज मोठा, वगैरे. मावशींनी तो ऐकून मान हलवली. "यात एक राहिलं. घरी गेल्यावर काय सांगायचं ते ज्याने मनात ठरवलं, तो माणूस एकदम गोड बोलायला लागतो. टोपी काढून नमस्कार करतो. हे लिहायला पाहिजे." केया म्हणाली, "आजी, यू कान्ट अॅड टू द कोर्स."

परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही. केया ओरडली, "आजी! हंड्रेड पर्सेंट!" मावशींनी वही मिटली आणि म्हणाल्या, "बत्तीस वर्षं अभ्यास केला मी याचा."

टॅपरूम पुन्हा उघडली ती थोडी बदलून. संग्राम आता आग्रह फक्त चिवड्याचा करतो. पहिले काही दिवस त्याचे हात शिवशिवायचे, अर्धा ग्लास दिसला की उठायचा आणि मावशींकडे बघून बसायचा. परमिटचं कार्ड यायचं होतं तोवर मावशींनी स्वतः एकही ग्लास भरला नाही. काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसून नुसत्या बघायच्या. नियम म्हणजे नियम. तीस वर्षांची क्लार्क ती.

डेल दोन आठवडे आलाच नाही. मग सप्टेंबरच्या मध्यात आला, चालत. त्याच दिवशी मीही पोचले होते, आणि माझी हिंमत होईना त्याच्याकडे बघायची. कार्ड आदल्या दिवशी आलं होतं. मावशींनी ते गळ्यात घातलं होतं, साडीवर एप्रन. डेलला पहिला ग्लास त्यांनीच भरून दिला. बत्तीस वर्षांत त्यांनी दारू सिंकमध्ये ओतली असेल, लपवली असेल; ग्लासात ओतून माणसापुढे ठेवायची ही पहिली वेळ. दुसराही दिला. तिसऱ्याला डेलने ग्लास पुढे सरकवला तेव्हा त्यांनी त्यावर तळवा ठेवला.

"डेल. पुरे. रूथ वेटिंग."

तो लाल झाला. त्याने संग्रामकडे पाहिलं. संग्रामने फडकं घेतलं आणि पुसलेलंच काउंटर पुसायला लागला. डेल काहीतरी पुटपुटला, ते चांगलं नव्हतं, आणि दार आपटून गेला. मावशींनी ग्लास उचलून विसळला. मला म्हणाल्या, "येईल परत. आणि नाही आला तरी आज वेळेवर घरी गेला."

पुढच्या गुरुवारी आला, रूथला घेऊन. पण ते मी फोनवर ऐकलं.

डेल दार आपटून गेला त्या रात्रीच्या जेवणाला मात्र मी होते. दसरा दोन आठवड्यांवर आला होता आणि परतीच्या तिकिटाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आसावरी पोळ्या लाटत होती, संग्राम भाजीकडे बघत होता, केयासुद्धा गप्प. मला असली शांतता सोसत नाही. मी सरळ विचारलं, "मावशी, मग दसऱ्याचं काय? जाणार आहात का?"

आसावरीचं लाटणं थांबलं.

मावशींनी गळ्यातलं कार्ड काढलं. चष्मा शोधला, लावला, कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं आणि मग माझ्यापुढे सरकवलं. "खाली तारीख काय आहे, वाच."

मी वाचली. मला आधी कळेना. मग मी पुन्हा वाचली, मोठ्याने. परमिट पाच वर्षांचं होतं.

"पाच वर्षं ड्यूटी लागली ना माझी," मावशी म्हणाल्या. "मध्येच सोडून कुठं जाऊ बाप्पा? पोळी जळून राहिली, आसू."